चवीचा पुरावा : स्वयंपाकी-शोधकाची रहस्यकथा आणि मराठी परंपरा

प्रास्ताविक

रहस्यकथेत स्वयंपाकी हे पात्र नवे नाही. श्रीमंताच्या घरी विषप्रयोग झाला की पोलिसांची पहिली नजर स्वयंपाकघराकडे वळते व काही पृष्ठे संशयित म्हणून वावरून स्वयंपाकी कथेतून निघून जातो. इंग्रजीत ‘कोझी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथाप्रकाराने या पात्राला संशयिताच्या जागेवरून उठवून शोधकाच्या जागी बसविले. रक्तपाताचे वर्णन टाळणारी, लहान गावाच्या परिसरात घडणारी, व्यावसायिक पोलिसाऐवजी सामान्य माणसाला शोधक करणारी ही कथा मराठीत ‘सौम्य रहस्यकथा’ म्हणता येईल. व्हर्जिनिया रिच यांची ‘द कुकिंग स्कूल मर्डर्स’ (१९८२), डायॅन मॉट डेव्हिडसन यांची ‘केटरिंग टू नोबडी’ (१९९०) आणि जोअ‍ॅन फ्ल्यूक यांची ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’ (२०००) या कादंबऱ्यांनी पाककुशल शोधकर्तीची परंपरा अमेरिकेत रुजविली. या कथांत गुन्ह्याचा उलगडा खरोखर पाकज्ञानातून होतो काय, की पाककला ही केवळ सजावट ठरते, हा या प्रकाराच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधू लागल्यास आपल्या परंपरेतील एक जुने आख्यान अनपेक्षितपणे समोर येते.

स्वयंपाकघर : उपजीविका आणि संशय

डेव्हिडसन यांची नायिका गोल्डी ही घटस्फोटित असून जेवणावळींची कंत्राटे घेऊन मुलाचा सांभाळ करते. एका अंत्यविधीनंतरच्या अल्पोपाहारात तिच्या पूर्वाश्रमीच्या सासऱ्यावर विषप्रयोग होतो आणि तिचा व्यवसाय ठप्प होतो. शोध घेणे हा तिचा छंद नाही. खरा अपराधी सापडेपर्यंत तिच्या हातचे कोणी खाणार नाही, ही तिची अडचण आहे. लेखिकेने शोधाला दिलेले हे कारण अस्सल आहे. हौशी शोधक पोलिसांच्या कामात नाक का खुपसतो, हा प्रश्न या कथाप्रकाराला नेहमीच अवघड जातो. गोल्डीच्या बाबतीत मात्र तो पडत नाही, कारण स्वयंपाकिणीचे सारे भांडवल म्हणजे लोकांचा तिच्या हातावरील विश्वास, आणि विषप्रयोगाने नेमका तोच नष्ट होतो.

फ्ल्यूक यांच्या हॅनाची गोष्ट वेगळी आहे. तिच्या बेकरीमागे दूध पोहोचविणाऱ्या माणसाचा गोळी घालून खून होतो; प्रेताभोवती तिच्याच कुकीज विखुरलेल्या असतात. यापुढील चौकशी सरकते ती मुख्यतः गावकऱ्यांशी होणाऱ्या गप्पांतून. कुकीज तोंडे उघडण्याच्या कामी येतात, डोळे उघडण्याच्या नव्हे. हॅना शिंपीण असती किंवा फुले विकत असती तरी कथेच्या सांगाड्याला फारसा धक्का लागला नसता. पुस्तकात छापलेल्या पाककृती वाचकाला प्रिय असल्या तरी त्या रहस्याच्या बाहेरच राहतात. या प्रकारातील पुष्कळ मालिकांचा हा मूलभूत दोष आहे व त्यांच्या लोकप्रियतेमुळे तो झाकला जातो.

या दृष्टीने अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनी १९५७ साली निर्माण केलेली लूसी आयलेसबरो अधिक महत्त्वाची वाटते. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ या कादंबरीत ऑक्सफर्डची गणितज्ञ असलेली ही तरुणी घरकाम हा व्यवसाय म्हणून स्वखुशीने पत्करते आणि मिस मार्पलच्या सांगण्यावरून एका मोठ्या घरात रांधण्याच्या कामावर राहून प्रेत शोधते. पुढे घरातील मंडळी जेवणानंतर आजारी पडतात, आर्सेनिकचे नाव निघते आणि शोधणारीवरच संशयाची छाया पडते. शोधक व संशयित या दोन भूमिका येथे एकाच व्यक्तीत एकत्र येतात. तरीही ख्रिस्तींच्या जगातील वर्गभेद लूसीच्या पदवीने सांभाळला आहे, हे विसरता येत नाही. पदवी नसलेल्या स्वयंपाकिणीचे काय होते ते त्यांच्याच १९२३ सालच्या क्लॅपहॅममधील स्वयंपाकिणीच्या कथेत दिसते. पळून गेलेली स्वयंपाकीण शोधण्याची कामगिरी पॉयरोला प्रथम आपल्या प्रतिष्ठेला कमी आणणारी वाटते आणि अखेरीस गुन्हेगाराला त्या बाईत नव्हे, तिच्या ट्रंकेत रस होता असे निष्पन्न होते.

दमयंतीची चौकशी

चव हाच निर्णायक पुरावा ठरणारी कथा भारतीय वाचकाला फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. मराठी रसिकाला रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे नल-दमयंतीच्या कथेतील हंस आणि स्वयंवर अधिक परिचित. परंतु महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाचा उत्तरार्ध ही शुद्ध शोधकथा आहे. रूप पालटलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्णाच्या पदरी राहतो. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता पाठवून त्याला विदर्भात आणते. रथाच्या घरघराटावरून तिला शंका येते, पण शंकेवर ती थांबत नाही. ती केशिनी या दासीला बाहुकाच्या स्वयंपाकावर नजर ठेवण्यास पाठविते. रिकामी भांडी पाण्याने भरतात, गवत पेट घेते, अशी विलक्षण वृत्ते दासी आणते. तरीही दमयंतीचे समाधान होत नाही. बाहुकाने रांधलेले मांस ती गुपचूप मागविते व त्याची चव घेते. तेव्हा तिची खात्री पटते.

या क्रमात एक तर्कशिस्त आहे. दैवी चमत्कारांपेक्षा जिभेच्या साक्षीला दमयंतीने वरचे स्थान दिले आहे. चमत्कार दुसरा कोणीही करू शकेल. पतीच्या हातची चव मात्र तिने वर्षानुवर्षे घेतलेली असते. ‘नळपाक’ हा शब्द मराठीत उत्तम स्वयंपाकाची स्तुती म्हणून उरला, पण मूळ कथेत तो ओळख पटविण्याचा पुरावा होता. शिवाय पुरावा गोळा करते ती दासी. राणीला रसोईच्या दारात उभे राहून पाहता येत नाही, दासीला येते. शोधाचे निम्मे श्रेय केशिनीचे आहे आणि ते तिला कथेत किंवा नंतरच्या स्मरणात फारसे मिळालेले नाही.

महाभारतातच दुसरा स्वयंपाकी आहे तो बल्लव. विराटाच्या पाकशाळेतील हा आचारी रात्री कीचकाचा वध करतो आणि प्रेताची अवस्था पाहून लोक गंधर्वांना दोष देतात. पाकशाळेतील माणसाचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. आचाऱ्याचे अदृश्य असणे येथे त्याला वाचविते. एरवी तेच त्याला गोत्यात आणते.

शास्त्रग्रंथांनीही स्वयंपाकघराकडे गुन्ह्याची जागा म्हणून पाहिले आहे. कौटिल्याने राजाचा स्वयंपाक सुरक्षित जागी व्हावा, महानसिकाने वारंवार चव घ्यावी, अन्न प्रथम अग्नीला व पक्ष्यांना द्यावे असे सांगितले असून विष देणाऱ्याच्या चर्येवरील खुणाही नोंदविल्या आहेत : कोरडे तोंड, घाम, जांभया, कापरे, अडखळणे. सुश्रुताच्या कल्पस्थानाची सुरुवातही अन्नरक्षणानेच होते. मात्र या ग्रंथांत स्वयंपाकी तज्ज्ञ असूनही त्याच्यावर पाळत आहे. त्याचे ज्ञान हवे असते, त्याच्यावर विश्वास नसतो.

हीच स्थिती इतिहासातही आढळते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे काही घोट घेतले, गाळ दिसताच उरलेले टाकले आणि त्यातून मल्हारराव गायकवाडांवरील विषप्रयोगाचा खटला उभा राहिला. आर्सेनिक व हिऱ्याची पूड यांवर बरीच चर्चा झाली. पण खटल्याचा डोलारा उभा होता तो चाकरांच्या कबुल्यांवर. आयोगाचे तीन इंग्रज सदस्य एका बाजूला आणि शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तिघे दुसऱ्या बाजूला, असे मत विभागले. तरीही १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. सरबत करणारे, पेला नेणारे, मेज पुसणारे लोक या प्रकरणात आरोपी किंवा माफीचे साक्षीदार म्हणूनच बोलले. जाणकार म्हणून त्यांना कोणी विचारले नाही.

मराठी रहस्यकथेचे स्वयंपाकघर

बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळा पहाड, सुहास शिरवळकरांचा मंदार पटवर्धन, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे : मराठी वाचकाच्या स्मरणात राहिलेल्या या नायकांचा वावर रस्त्यावर, मोटारीत, गोदीत आणि वाड्याच्या गच्चीवर असतो. घरात ते येतात ते चौकशीपुरते. धाडस हे या परंपरेचे मुख्य मूल्य असल्याने चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे निरीक्षण तिला उपयोगाचे वाटले नाही. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बावर्ची’ (१९७२) या हिंदी चित्रपटात घराची कोडी सोडविणारा स्वयंपाकी आहे खरा, आणि दागिन्यांची पेटी नाहीशी होताच संशय त्याच्यावरच येतो. पण तो चित्रपट रहस्याकडे न वळता कौटुंबिक समेटाकडे वळतो.

आश्चर्य याचे वाटते की आपल्याकडील स्वयंपाकघर या कथाप्रकाराला पाश्चात्त्य घरापेक्षा अधिक अनुकूल आहे. ओवळ्याने पाऊल टाकू नये अशी जुन्या घरातील सोवळ्याची खोली म्हणजे बंद खोलीतील गुन्ह्याचा तयार नमुना. आत कोण जाऊ शकतो हे जात, नाते, वैधव्य आणि मासिक विटाळ यांनी ठरलेले. अशा घरात गुन्हा घडल्यास संशयितांची यादी ही त्या घरातील विषमतेचीही यादी होईल. सौम्य रहस्यकथेला सौम्य राहू न देणारी ही सामग्री आहे. कदाचित म्हणूनच ती कोणी हाताळली नसावी.

पंगतीचा पेच आणखी निराळा. खानदेशात लग्नकार्यात वरण-बट्टी व वांग्याची घोटलेली भाजी एकाच मोठ्या भांड्यातून शेकडो पानांवर जाते. (याच प्रदेशातील एका आमटीचे नाव ‘फौजदारी डाळ’ असावे, हा योगायोग रहस्यकथाकाराने वाया घालवू नये.) एका पानावरचा माणूस दगावतो आणि शेजारचा सुखरूप राहतो, तेव्हा विष भांड्यात नव्हते, वाढपात होते, हे आचाऱ्याला क्षणात कळते. धोतरा वांग्याच्याच कुळातला, आणि त्याचे बी मिरचीच्या बीशी गल्लत होण्याजोगे. न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत दोन्हींतील फरक आवर्जून दिलेला असतो : एक गडद तपकिरी व कडू, दुसरे पिवळसर व तिखट. हा फरक ओळखायला आचाऱ्याला पाठ्यपुस्तक लागत नाही.

आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या पिंप्राळ्याचे उदाहरण घेता येईल. आषाढी एकादशीला येथे विठ्ठलाचा रथ निघतो; शहरात सामावूनही त्या दिवशी पिंप्राळा गाव होते. सगळ्यांनी सगळ्यांना ओळखावे व तरीही गर्दीत परका मिसळावा, ही सौम्य रहस्यकथेची भौगोलिक गरज येथे आपोआप भागते. त्यात उपवासाचा दिवस, म्हणजे पदार्थ मोजके व घरोघर तेच. महाराष्ट्रात उपवासाच्या दिवशी भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. दमट जागी साठविलेल्या जुन्या पिठातील बुरशी हे तिचे एक कारण सांगितले जाते. अशा दिवशी एखादा मृत्यू घडला तर पोलीस भगरीला दोष देऊन प्रकरण मिटवतील. आणि भगर त्याच पहाटे स्वतः दळलेली होती हे फक्त रांधणारीला ठाऊक असेल. ख्रिस्तींच्या लूसीपेक्षा ही शोधकर्ती अधिक अडचणीत असेल, कारण तिच्यापाशी पदवी नाही आणि तिचे म्हणणे म्हणजे स्वतःचा बचाव असेच समजले जाईल. सिंगापूरच्या ओविडिया यू यांच्या ‘आंटी लीज डिलाइट्स’ (२०१३) मध्ये हॉटेलमालकीण आंटी लीला ही अडचण येत नाही. तिच्या हाताखालील फिलिपिनो मदतनीस नीना हिला ती येऊ शकली असती, परंतु मालिका आंटीच्या नावाने चालते.

अशा मराठी कथेपुढे भाषेचाही प्रश्न उभा राहील. जळगाव परिसरातील रांधणारी बाई अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलेल. खवट, कुबट, आंबूस, करपट, कडसर या तिच्या शब्दांपैकी प्रत्येक शब्द वेगळे कारण सांगतो : तेल जुने झाले, धान्याला ओल लागली, अन्न रात्रीचे आहे, भांडे तळाशी लागले, बाहेरचे काही त्यात पडले. तिच्या जबाबाचे प्रमाण मराठीत लेखन करणारा हवालदार या सर्वांसाठी ‘दूषित’ हा एकच शब्द लिहील, आणि तपासाला लागणारी सारी माहिती त्या एका शब्दात हरवून जाईल.