‘टिलीमिली’ आणि म्यूट केलेला टीव्ही

जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, तेव्हा माझी भाची कात्रजला आमच्याकडे राहत होती. पहिलीत होती. ताई नर्स, तिच्या कोविड ड्यूट्यांमुळे पोरीला आईपासून लांब ठेवलं होतं. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि माझं ऑफिस हॉलमध्ये, टीव्हीपासून चार फुटांवर भरत होतं.

परवा त्या मालिकेचे काही भाग पुन्हा पाहिले. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही निर्मिती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. त्या वर्षीच्या ऑनलाइन शाळेपेक्षा ती कितीतरी शहाणी वाटते. ऑनलाइन शाळेनं फळा उचलून मोबाइलमध्ये कोंबला आणि मुलांना हजेरीला बसवलं. ‘टिलीमिली’नं फळाच काढून टाकला. मुलं घरातल्या वस्तू घेऊन घरच्यांबरोबर काहीबाही करतात, त्यातून शिकतात. शिवाय टीव्हीला डेटा पॅक लागत नव्हता. ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही बाबांबरोबर कामावर जाणारा, तिथे ही गोष्ट छोटी नव्हती.

माझी तक्रार वेगळी आहे. पडद्यावरच्या घरात मोठ्यांना वेळच वेळ आहे. आई, आजोबा, कुणी ना कुणी हसत शेजारी बसलेलं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर या मालिकेची एक डिपेंडन्सी होती, रिकामा आणि प्रेमळ मोठा माणूस. ती आमच्या घरी इन्स्टॉलच नव्हती. आमच्याकडे होतो कॉलवरचा मी आणि गुडघे धरून बसलेली आजी. ‘मामा, हे बघ ना’ला माझं उत्तर म्हणजे वर केलेला तळहात. एकदा क्लायंट लाइनवर असताना मी टीव्ही सरळ म्यूट केला. ती काही बोलली नाही. चित्रं हलत राहिली आणि ती हळू आवाजात सगळ्यांचं स्वतःच बोलू लागली. प्रश्न तिचा, उत्तर तिचं, शाब्बासही तिचंच. मग ते रोजचंच झालं. मला सोयीचं होतं.

दुसरं म्हणजे, मी पाहिलेल्या भागांत कुणी कंटाळत नाही. आमच्याकडे दिवसभर दुसरं काही नव्हतंच. खाली सायकल काढायची नाही, बागेला कुलूप, कात्रजचं प्राणिसंग्रहालय बंद. ‘मग तिथल्या वाघाला आता कोण बघतं?’ असं तिनं विचारलं होतं. पाठ्यपुस्तकावरच्या मालिकेकडून हे मागणं जास्त आहे, मान्य. पण मूल घरात का अडकलंय हेच घराच्या गोष्टीतून गाळलं, तर ते घर जाहिरातीतल्या घरासारखं दिसू लागतं.

भाची आता मोठी झालीय. तिला एक भाग दाखवला. थोडा वेळ बघून म्हणाली, ‘मामा, याला आवाज पण होता?’ चिडवत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही.