कवितेतलं विष आणि ड्रममधलं

आपल्या कवितेत विष फार झालं आहे. हाताला लागेल ते अनियतकालिक उघडा. जातीचं विष, धर्माचं विष, व्यवस्थेनं पाजलेलं विष, पिढ्यान्‌पिढ्या पचवलेलं विष. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मी गिरणीच्या रंगखात्यात काम करतो. तिथं विषाला नाव असतं, वास असतो, बाजारभाव असतो, आणि ड्रम डोक्यावर घेणाऱ्याची जात बहुधा विचारावी लागत नाही. म्हणून कवीला माझा अडाणी सवाल असा आहे : कुठलं विष?

कास्टिक घ्या. अंगावर उडाला तर आधी साबणासारखा बुळबुळीत लागतो, कारण तो कातडीतल्या चरबीचा साबणच करत असतो. आग नंतर होते. डोळ्यात गेला तर 'नंतर'ला अर्थ उरत नाही. हायड्रोजच्या भुकटीला ओल लागली की ती तापते, पेट घेते, गंधकाचा धूर सोडते आणि गळा आवळते. रिॲक्टिव्ह रंगांची पूड निराळी. महिनोन्‌महिने काही करत नाही, मग एके दिवशी दमा उठतो, आणि त्यानंतर चिमूटभर उडाली तरी छाती भरते. बेंझिडिनचे रंग याहून सबुरीचे. मूत्राशयाचा कॅन्सर व्हायला वर्षं लागतात, कधी माणूस काम सोडून घरी बसल्यावर तो उगवतो. १८९५ साली जर्मनीतल्या लुडविग रेन या सर्जननं फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी पाहिल्या आणि जाहीर सांगितलं. म्हणजे ही बातमी आपल्या चळवळीपेक्षा जुनी आहे.

या चार जिनसांचा काळ वेगळा, वेदना वेगळी. तर त्यांची वाक्यंही वेगळी नकोत? आपली कविता ठोशाची आहे. ठोसा मारणारा समोर दिसतो तेव्हा ती जोरात चालते. वीस वर्षांनी उगवणाऱ्या जखमेला मात्र समोर कोणी नसतं. मुकादम बदललेला असतो, कंपनीचं नाव बदललेलं असतं, डॉक्टर टीबी लिहून मोकळा होतो. तिथं आपला कवी 'विष' म्हणतो आणि पुढच्या ओळीत मूठ वळतो. मधली वीस वर्षं कुठं गेली?

'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याची ताकद आरडाओरड्यात नव्हती. ज्या वस्तूला त्या वस्तीत जे नाव होतं ते नामदेव ढसाळांनी कागदावर आणलं, आणि प्रस्थापितांना शब्दकोश अपुरा पडला. मागून आलेल्या कित्येकांनी ओरडणं तेवढं उचललं. नावं ठेवून दिली.

माझ्या मतानं कामावरच्या इजेची आपल्याकडची सर्वांत पक्की गोष्ट अजून अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं' हीच. भीमाची खाण बंद पडते, तो मढी उकरून सोनं काढू लागतो, पहारीनं जबडा उघडतो, बोटं घालतो, आणि ती अडकतात. बोटं जातात, आणि खाण सुरू झाल्याची खबर त्यानंतर येते. अण्णा भाऊ कुठंही 'शोषण' हा शब्द घेऊन मधे उभे राहत नाहीत. काम कसं करतात ते सांगतात. बोटं कशी गेली हे वाचणाऱ्याला हातात कळतं. ते स्वतः गिरणीत राबले होते, म्हणून हे जमलं असेल.

आता छातीचं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. कांडी बदलताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे, त्याचा विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यावर आपल्याकडं भाषणं भरपूर झाली, व्हायलाच हवीत. पण थुंकीचा विटाळ मोजणाऱ्यांनी कापसाची धूळ कधी मोजली नाही, हे कुणी लिहिलं? ब्लो रूम आणि कार्डिंगच्या धुळीनं बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, पुढं आठवडाभर सैल पडते, आणि काही वर्षांनी सैल पडायचीच थांबते. हा आजार म्हणजे आयती लय आहे, कवीहो. कुणी ऐकली नाही.

भोपाळवर मात्र सगळ्यांनी लिहिलं. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र, मिथाइल आयसोसायनेट, हजारो मेले. लिहिलं ते बरंच झालं. पण १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जीननं एक कामगार मेला होता, आणि १९८२ साली पत्रकार राजकुमार केसवानी छापून इशारे देत होते. वायू भिंतीबाहेर आला तेव्हा मराठी कविता जागी झाली. भिंतीच्या आत मेलेल्याला ओळ मिळत नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. ड्रमावरची चिठ्ठी अजून इंग्रजीतच आहे.

गटारावरच्या कवितेबद्दल एक बोलतो, कुणाला राग आला तरी. तिच्यात दुर्गंधी फार असते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो खरा, पण प्रमाण वाढलं की तो वायू नाकच मारतो. वास यायचा बंद होतो आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. आमच्याकडं सल्फर रंगाच्या सांडपाण्यात ॲसिड पडलं की हाच वायू उठतो. सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख ठरवली, २०२३ मध्ये तीस लाख केली. कोर्टानं आकडा तरी बदलला, आपली कविता अजून घाणीलाच शिव्या देते. घाणीनं किळस येते. मारतो तो बिनवासाचा क्षण, आणि त्याच्यावर मी अजून एकही ओळ वाचलेली नाही.

रसायनांची यादी म्हणजे कविता नव्हे, असं एका शिकलेल्या मित्रानं ऐकवलं. बरोबर आहे. शिव्यांची यादीही नव्हे.

आमच्या खात्यातल्या एका हेल्परनं पॅकिंगच्या कागदावर कविता लिहिली आहे. कुठं छापलेली नाही. खात्यातला रिकामा निळा ड्रम तो घरी आणतो. बायको राखेनं घासून चिठ्ठी काढते, पाणी भरते. पोरगी तांब्या बुडवते आणि विचारते, यात आधी काय होतं? बाप म्हणतो, रंग. पोरगी म्हणते, कुठला? बस्स. 'विष' शब्द कुठंच नाही, अन्‌ वाचताना माझा घसा कोरडा पडला. मग शेवटी त्यानं क्रांतीच्या वणव्याची एक ओळ चिकटवली आहे. ती काढ म्हणून मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, ती काढली तर चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मला माईक कोण देणार?