चटई अंथरणारे हात : व्यायाम, जात आणि किहीमचा किनारा

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रो-रो बोट तासाभरात मांडव्याला लागते. २०२० मध्ये ही सेवा सुरू झाल्यापासून मुंबईकरांना मोटारीसकट किहीम, आवास, सासवने गाठणे सोपे झाले. नारळी-सुपारीच्या वाड्यांत बंगले आधीच उभे होते. त्यांच्या पाठोपाठ ‘वेलनेस’ची भाषाही आली. दोन-तीन दिवसांचे योगशिबिर, समुद्रकाठी प्राणायाम, मोजक्या माणसांसाठी स्वतंत्र शिक्षक. अशा शिबिरांच्या जाहिरातींत कोणालाच मज्जाव नसतो. ‘सर्वांसाठी’ हा शब्द तर हमखास असतो. मात्र पहाटे चटया अंथरणारी आणि नंतर त्या झटकून गुंडाळणारी गावातली बाई त्या ‘सर्वां’त धरलेली नसते. प्रस्तुत लेखात तपासायचा आहे तो हाच शब्द.

अमेरिकेत हा प्रश्न वंशाच्या संदर्भात विचारला गेला. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर तेथील महागड्या, निवडक गिऱ्हाइकांच्या व्यायामशाळांनाही जाब द्यावा लागला. ‘क्रॉसफिट’चे संस्थापक ग्रेग ग्लासमन यांना त्या वेळच्या उद्गारांमुळे प्रमुखपद सोडावे लागले. व्यायामशाळा कोणत्या वस्तीत उघडते, वर्गणी कोणाला परवडते, भिंतीवरच्या छायाचित्रांत कोणाची शरीरे दिसतात, शिकवतो कोण आणि फरशी पुसतो कोण, असे हे प्रश्न होते. आपल्याला ते उसने आणण्याची गरज नाही. आपल्या इतिहासात ते आधीच नोंदलेले आहेत.

१८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना युरोपियनांचा होता. तेथे एतद्देशीयांना सभासदत्व नव्हते. या वंशभेदाला मुंबईने दिलेले उत्तर म्हणजे पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखाने. बंद दारासमोर आपण आपापली दारे बांधली; पण त्या प्रत्येक दाराआड पुन्हा एक उंबरठा होता. पळवणकर बाळू यांची कारकीर्द हा त्याचा पुरावा आहे. रामचंद्र गुहा यांनी मांडलेल्या इतिहासानुसार चर्मकार समाजातील बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत. जाळ्यात साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करत. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे कधी मिळाली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याशिवाय जिंकणे कठीण होते. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा मंडपाबाहेर, टाकाऊ मातीच्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद या घरात आले ते १९२३ मध्ये, त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे.

यातून एक कसोटी हाती लागते. आवारात प्रवेश मिळणे वेगळे आणि तेथील सुखावर हक्क मिळणे वेगळे. चेंडू टाकायला बोलावले म्हणजे बॅट हाती दिली असे होत नाही.

याउलट उदाहरण औंध संस्थानचे. भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत सक्तीचे केले. साधने नकोत, आखाडा नको, वर्गणी नको. देहाएवढी जागा पुरे. १९३८ मध्ये लंडनहून निघालेल्या ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या पुस्तकाने ही पद्धती इंग्रज वाचकांपुढे ठेवली. या प्रयोगाचे गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. नमस्कारांबरोबर बीजमंत्रांचा आग्रह होता. देह सर्वांचा धरला, तरी उच्चार एका परंपरेचा राहिला. एवढे असूनही औंधच्या शाळेतील पोराला जे फुकट मिळत होते, तेच आज समुद्राच्या देखाव्यासह पाकिटात बांधून विकले जाते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

‘पैसे मोजील त्याला मिळेल, यात जात कुठे आली?’ असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात, महाडला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. कागदावर तळे ‘सर्वांसाठी’ होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर सत्याग्रहींना मारही खावा लागला. कुलूप काढणे आणि माणूस आत पोचणे यांत किती अंतर असते, हे कुलाबा जिल्ह्याने त्या दिवशी पाहिले.

आजच्या शिबिराच्या फाटकावर कोणी जात विचारत नाही. ते काम शुल्क करते, शिकवण्याची इंग्रजी करते, आणि त्याहून जास्त एक समजूत करते : कष्टकऱ्याला व्यायाम कशाला? दिवसभर राबतो, तोच त्याचा व्यायाम. ही समजूत चुकीची आहे. श्रम शरीराला एकाच बाजूने झिजवतात. व्यायाम त्याला सावरतो. डोक्यावर मासळीची टोपली वाहणाऱ्या कोळणीची मान, वाडीत वाकून काम करणाऱ्या बाईची कंबर, वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्याचे गुडघे यांना ताण, श्वास आणि विश्रांती यांची गरज शहरातल्या खुर्चीवरच्या पाठीपेक्षा कमी नाही. मग दुखणे घेऊन ही बाई गोळी घेते आणि दुसऱ्या दिवशी चटया अंथरायला येते.

किनारा सार्वजनिक आहे. वारा, वाळू, सूर्य यांचे भाडे कोणी लावलेले नाही. आठवड्यातून एक सकाळ, मराठीतून, बिनशुल्क, कामाच्या वेळा सांभाळून गावासाठी ठेवणे कोणत्याही शिबिराला अशक्य नाही. त्याला उपकार म्हणू नये. ज्यांच्या गावात आपण उतरलो त्यांचा तो वाटा आहे. आणि अशी सकाळ खरोखर ‘सर्वांसाठी’ आहे की नाही, हे जाहिरात वाचून ठरणार नाही. चटई अंथरणारी बाई त्या दिवशी तिच्यावर पाठ टेकून श्वास घेते का, एवढेच पाहावे लागेल.