मेमरी कार्डातली गाणी आणि गीतकाराचे नाव

पीटर मॅन्युएल यांचा ‘कॅसेट कल्चर’ हा १९९३चा ग्रंथ उत्तर भारताविषयी असला, तरी सोनईत बसून वाचताना परका वाटत नाही. स्वस्त कॅसेटने एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतील गायकांना बाजार मिळाला, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. ते मान्यच करावे लागते. तबकडी ज्यांच्या वाट्याला कधी आली नसती, अशांची भारुडे, भीमगीते, लावण्या कॅसेटवर आल्या आणि मुळा कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांवर वाजू लागल्या.

याच कॅसेटने नक्कलही सोपी केली. १९५७च्या कायद्यात ठरावीक अटींवर जुने गाणे नव्या आवाजात गाऊन घेण्याची वाट होती. गुलशन कुमारांच्या टी-सीरीजने ती वाट हमरस्ता केली. (त्यांच्याच शनिदेवावरील चित्रपटाने आमच्या शेजारचे शिंगणापूर देशभर पोचवले. बिनदाराच्या घरांच्या गावाची कीर्ती कॅसेटवाल्याने पसरवावी, हाही एक योगच!) १९८४च्या दुरुस्तीने चोरट्या प्रतींसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद ठेवली आणि वेष्टनावर निर्माता, हक्कदार व वर्ष छापणे सक्तीचे केले. गीतकाराचे नाव त्या यादीत नव्हते. ते आपल्याकडे छापले जाई ते रिवाज म्हणून.

मॅन्युएल यांचा ग्रंथ इथे थांबतो. पुढचा अध्याय मी आमच्या बाजारपेठेत पाहिला. मोबाइल रिचार्जच्या टपरीवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असे. दहा-वीस रुपयांत पोरगा मेमरी कार्ड भरून देई. ही चोरीच होती. पण गिऱ्हाईक पैसे देत होते, हे कंपन्यांनी नीट पाहिले नाही. लोक गाण्याला मोल देत नव्हते असे नव्हे. निवडून, रचून, हातात तयार देणाऱ्याला ते मोल देत होते. २०१७ साली जुन्या एचएमव्हीने, म्हणजे सारेगामाने, पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला आणि तो खपला. टपरीवरच्या पोराचाच हा धंदा, फक्त परवान्यासह. चोरीला कैदेपेक्षा हे उत्तर अधिक लागू पडले, असे माझे मत आहे.

तरीही मला हा विजय अर्धाच वाटतो. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनात न सोडता येणारा समान वाटा दिला. कायदा चांगला आहे. पण वाटा मिळायचा तर गाणे कोणाचे हे नोंदलेले हवे, आणि आयपीआरएससारख्या संस्थेत सभासदत्व हवे. जत्रेतल्या कॅसेटसाठी एका बैठकीत आठ गाणी लिहून एकरकमी पैसे घेऊन गेलेल्या शाहिराजवळ यांतले काय असणार? कार्ड भरताना फाइलीचे नाव ‘ट्रॅक ०७’ झाले, तिथेच त्याचा दावा निम्मा संपला. मॅन्युएल ज्या विकेंद्रीकरणाचे स्वागत करतात, त्याची ही किंमत आहे. मक्तेदार कंपनीकडे निदान दप्तर होते; छोट्या कंपन्या बुडाल्या, तसे त्यांचे दप्तरही गेले.

म्हणून ऑनलाइन चोरीवर उपाय शोधणाऱ्यांनी कुलपांच्या आधी नोंदवह्यांकडे यावे. जुन्या कॅसेटची वेष्टने अजून घराघरांतल्या माळ्यांवर आहेत. मी काही जमवली आहेत. त्यांतल्या एकावर गीतकाराचे नाव आणि गावही छापले आहे. तेच गाणे मी यूट्यूबवर शोधले, तेव्हा खाली गायकाचे आणि कंपनीचे नाव होते, आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’.