मोलकरीण की गुलाम?

होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियसच्या वाड्यात राबणाऱ्या बायका कोण होत्या? इंग्रजी अनुवादांवर वाढलेल्या वाचकांना त्या बहुधा मोलकरणी म्हणून भेटल्या. २०१७ साली एमिली विल्सन यांचा अनुवाद आला आणि त्याच बायका गुलाम ठरल्या. होमरने तर एक अक्षरही बदलले नव्हते. ग्रीक-रोमन अभिजात विद्येच्या, म्हणजे 'क्लासिक्स'च्या पदवी अभ्यासक्रमात मूळ भाषांची सक्ती असावी का, याबद्दल आज जो वाद चालू आहे, त्याचे मर्म या एका शब्दात सापडते.

या विद्येवरचा जुना राग निराधार नाही. ऑक्सफर्डला १९२० पर्यंत ग्रीक आल्याशिवाय पदवी नव्हती. लॅटिनची सक्ती १९६० पर्यंत टिकली. भारतातल्या सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये १८५५ साली पहिली स्पर्धा परीक्षा झाली, तेव्हा ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृतला ३७५. राज्य कोणी करायचे, हे अशा गुणपत्रिकांतून ठरत होते.

२०२१ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने क्लासिक्सच्या पदवीसाठी असलेली ग्रीक-लॅटिनची अट काढली. भाषा शिकवल्या जातात, पण सक्ती नाही. शाळेत लॅटिन मिळते ते मुख्यतः सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांना. बाकीच्यांनी उंबऱ्यावरून परत का जावे, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याला उत्तर एकच नाही. ऑक्सफर्डच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेत या भाषा न शिकलेल्यांनाही प्रवेश मिळतो आणि मग त्यांना मुळाक्षरांपासून शिकवले जाते. उंबरा दोन्हीकडे खाली आला. ऑक्सफर्डने पुढच्या पायऱ्याही बांधून दिल्या.

त्या पायऱ्यांना पैसा लागतो. भाषेचा वर्ग लहान असतो, तो आठवड्यातून अनेकदा भरतो, वह्या तपासाव्या लागतात. अनुवादातून शिकवायचे तर एका सभागृहात शंभर मुले बसवता येतात. त्यामुळे समतेची भाषा आणि काटकसरीचा हिशेब यांचे इथे फार लवकर जुळते, आणि मला भीती वाटते ती याचीच. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ सालीच क्लासिक्सचा स्वतंत्र विभागच मोडीत काढायचे ठरवले. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी नावाजलेले, १८६७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. इथेच फ्रँक स्नोडेन शिकवत. ग्रीक-रोमन जगातल्या कृष्णवर्णीयांवरचा त्यांचा १९७० चा ग्रंथ मूळ साधने स्वतः वाचल्याशिवाय लिहिताच आला नसता.

भाषेचा आग्रह धरणारे सनातनी आणि तो सोडणारे पुरोगामी, ही वाटणी म्हणूनच फसवी आहे. मोलकरणींना गुलाम म्हणण्याचे धैर्य विल्सन यांना ग्रीकमुळे आले. परंपरेवर खटला भरायचा तर तिची दप्तरे स्वतः वाचता यायला हवीत. नाही तर जुन्याच भाषांतरकाराची साक्ष आपण मुकाट्याने मान्य करतो.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जासाठी केलेल्या दाव्यात मानाचे पान होते ते महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'ला. गोदावरीकाठच्या त्या गाथांत बायका खूप बोलतात. त्या कोण, काय म्हणतात, कोणत्या शब्दाला संस्कृत छायेने, म्हणजे प्राकृताच्या संस्कृत रूपांतराने, सोवळे नेसवले, हे पाहायला प्राकृत शिकवणारा वर्ग आपल्या महाविद्यालयात आहे का, एवढे विचारले तरी दर्जाचे पुढे काय करायचे ते कळेल.