पानिपतनंतरची घरे

पानिपत शहराबाहेर काला अंब म्हणून जी जागा दाखवतात तिथे आज आंबा नाही. लढाईत सांडलेल्या रक्ताने झाड काळे पडले, अशी दंतकथा आहे. पुढे ते झाड वठले, त्याच्या लाकडाचे कोरीव दरवाजे झाले आणि ते पानिपतच्या संग्रहालयात ठेवले गेले. जागेवर विटांचा एक स्तंभ आहे, आणि दर १४ जानेवारीला तिथे महाराष्ट्रातून आणि हरियाणाच्या गावागावांतून माणसे जमतात. स्मारक त्या एका दिवसाचे आहे, आणि स्मारकाकडून तेवढीच अपेक्षा असते. पण मराठी कथा-कवितेनेही पानिपत त्या एका दिवसापुरतेच धरले, ही माझी तक्रार आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांची लढाई संध्याकाळपर्यंत निकालात निघाली. घरांमधला निकाल मात्र पुढची पंधरा वर्षे लागला नाही. कोण मेले, कोण धरले गेले, कोण वेष पालटून कुठल्या गावात राहिले, कोण परत येईल, याची उत्तरे नसलेली हजारो घरे नर्मदेच्या अलीकडे होती. प्रेम, कुटुंब आणि युद्ध या तिन्हींचा पीळ एकत्र बसावा असा आपल्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विषय, आणि आपल्या साहित्याने त्यातले फक्त युद्ध नीट लिहिले.

सुरुवात तशी झाली नव्हती. रघुनाथ यादव यांची ‘पानिपतची बखर’ गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिली गेली असे मानले जाते. गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांची पत्नी आणि रणात पडलेल्या विश्वासरावांची आई. छावणी पानिपतात उपाशी पडली होती त्याच डिसेंबर १७६० मध्ये तिच्या नवऱ्याने पैठणला दुसरे लग्न केले, आणि पुढच्या जून महिन्यात तोही गेला. अशी बाई ‘तिथे काय झाले ते लिहा’ म्हणते, तेव्हा त्या विचारण्यामागे राजकारण असेल, पण मुलाचा शोक त्याहून मोठा असणार. म्हणजे पानिपतावरच्या मराठी लेखनाच्या उगमाशी एक आई उभी आहे. बखरीने मात्र उत्तर दिले ते सरदारांचे, मसलतींचे आणि मोर्च्यांचे. बखरींतून पुढे सगळ्यांनी उचललेला एक प्रसंग पाहा. सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांना सल्ला देतात: कबिले आणि जड सामान मागे ठेवा, सडे होऊन गनिमी काव्याने लढा. भाऊ ऐकत नाहीत. हा प्रसंग कादंबरीत येतो, नाटकात येतो, व्याख्यानात येतो, आणि दर वेळी भाऊंचा आग्रह बरोबर की चूक एवढाच प्रश्न विचारला जातो. ज्यांना मागे ठेवायचे की नाही यावर वाद चालला आहे त्या बायकांना त्या रात्री काय वाटले असेल, हे कुणालाही विचारावेसे वाटले नाही. तोफा आणि तंबूंच्या यादीत त्यांचे नाव एकदा चढले आणि तिथेच राहिले. वास्तविक त्या लष्कराबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते: कारकून, व्यापारी, भटजी, यात्रेकरू, आया, लेकी, दासी. कुंजपुऱ्याचा किल्ला घेतल्यावर कुरुक्षेत्राची यात्रा पदरात पडेल या आशेने कित्येक जण पुढे सरकले होते. ती यात्रा राहून गेली, यमुना ओलांडून अब्दाली मागे आला आणि सगळे अडकले.

बखरींनंतरचे शतकभराचे लेखन दोषारोपाचे आणि दोषमुक्तीचे आहे. गोविंदाग्रजांचा ‘पानपतचा फटका’ घ्या. फटका हा उपदेश करणारा, फटकारणारा प्रकार. त्याचा नाद युद्धाला साजेसा आहे आणि ती कविता मोठ्याने म्हणताना आजही अंगावर काटा येतो. पण तो नादच हुंदक्याला जागा देत नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ मराठीत १९६१ साली आले आणि भाऊसाहेबांवरचा हट्टीपणाचा शिक्का पुराव्यानिशी पुसण्याचे काम त्याने केले. त्या वाटेने १९८८ साली विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी आली. तिचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पत्रे आणि बखरी पचवून तिने मराठी वाचकाच्या मनातला पराभवाचा न्यूनगंड घालवला, अन्न तुटलेल्या छावणीचे दिवस डोळ्यांसमोर उभे केले, आणि ज्या घरात दुसरे पुस्तक नाही अशा घरातही ती जाऊन पोहोचली. तिच्यावर उभे राहिलेले ‘रणांगण’ हे नाटक वामन केंद्रे यांनी तितक्याच ताकदीने रंगमंचावर आणले. तरी या कादंबरीचे सगळे बळ एका खटल्यात खर्च होते: भाऊ दोषी होते की नव्हते. खटला जिंकला की कादंबरी संपते. ज्यांचे काहीच सिद्ध व्हायचे नव्हते, ज्यांना केवळ परत यायचे होते, त्यांच्यासाठी तिच्यापाशी वेळ उरत नाही.

कुटुंब आणि प्रेम मराठी ऐतिहासिक कादंबरीला वर्ज्य होते, असे मात्र कुणी म्हणू शकणार नाही. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आणि रणजित देसाईंची ‘स्वामी’ या तर आपल्या सर्वांत लाडक्या प्रेमकथा आहेत. ‘स्वामी’ १९६२ ची, म्हणजे शेजवलकरांच्या मराठी ग्रंथानंतर वर्षभरातली. तिच्या मागे पानिपत सतत उभे आहे: रिकामा खजिना, खचलेला दरारा, पुतण्याच्या उरावर बसलेला चुलता, मुलाशी न पटणारी आई. आणि या सगळ्यावर रमाबाई आणि माधवराव पेशवे यांचे प्रेम एखाद्या समईसारखे तेवत ठेवले आहे. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले, रमाबाई सती गेल्या, आणि कादंबरीने त्या जाण्याला प्रेमाची परिसीमा मानले. आता त्याच घरातली दुसरी बाई पाहा. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतात होत्या, त्यातून वाचून परत आल्या, आणि आपला नवरा मेला हे त्यांनी कधी मान्य केले नाही. कुंकू उतरवले नाही. एकाच घरातल्या या दोन बायका. एकीने नवऱ्यामागे जाऊन प्रेम सिद्ध केले, दुसरीने नवरा जिवंत आहे असे धरून जगत राहण्याचे ठरवले. दुसरे अधिक कठीण असावे असे मला वाटते, कारण त्याला रोजची सकाळ आहे, रोजची कुजबुज आहे, शास्त्राचा आणि सोयऱ्यांचा दबाव आहे. मराठी वाचकाने आणि लेखकाने थेऊरची वाट धरली. पार्वतीबाईंकडे ‘शिकस्त’ लिहून वळले ते एकटे इनामदार. ती कादंबरी ‘स्वामी’च्या दहाव्या हिश्शानेही वाचली जात नसेल, आपल्याला कसले प्रेम आवडते, हे त्यावरून कळते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: साधने नाहीत. बायकांनी, आश्रितांनी, दासींनी काही लिहून ठेवले नाही, मग कादंबरीकाराने काय करावे? एक तर मराठी ऐतिहासिक कादंबरीने सरदारांच्या तोंडी पानेच्या पाने संवाद घातले तेव्हा साधनांची अडचण आड आली नाही. दुसरे म्हणजे साधने अगदीच नाहीत असेही नाही. नाना फडणविसांचे छोटेसे आत्मचरित्र आहे. लढाईच्या वेळी त्यांचे वय एकोणीसच्या आत होते आणि आई व बायको दोघी बरोबर होत्या. रण मोडल्यावर अंगावरचे सगळे टाकून, लंगोटी लावून हा मुलगा परमुलखात पायी चालत सुटला. पुढे बायको भेटली. आई परत आली नाही. त्या लहानशा लेखनात भीती आहे, भूक आहे, देवभक्ती आहे, देहाच्या ओढीबद्दलची कबुलीही आहे, आणि आईपाशी आल्यावर लेखणी अडखळते. पुढे अर्धशहाणा, कारस्थानी, हिशेबी म्हणून ज्याला आपण ओळखतो तो माणूस या चार-सहा दिवसांत घडला. त्याच्यावर राजकारणाची नाटके झाली, पण आई हरवलेला मुलगा म्हणून त्याला मध्यभागी ठेवणारी कलाकृती माझ्या वाचनात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. पानिपत हे हिंदुस्थानच्या सत्तेचे प्रकरण होते. परकी आक्रमण दिल्लीच्या दाराशी अडवायला मराठे इतक्या दूर गेले. परक्याला अडवण्याच्या ज्या तत्त्वाचा शेजवलकरांनी आग्रह धरला ते तत्त्व घरगुती दुःखात बुडवून टाकले तर विषय लहान होईल, अशी ही भीती आहे. पण दुःखाने विषय लहान होतो हे गृहीतच मला मान्य नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये, १९३९ च्या त्या छोट्या कादंबरीत, एकही गोळी सुटत नाही. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर चक्रधर आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू हॅर्टा. त्या दोघांच्या थोड्या दिवसांच्या प्रेमात येऊ घातलेले महायुद्ध जेवढे भेडसावते तेवढे ते लढायांच्या वर्णनांत भेडसावत नाही. ही जाण मराठीत ऐंशी वर्षांपूर्वीपासून आहे. ती ऐतिहासिक कादंबरीच्या उंबऱ्याबाहेर थांबली एवढेच.

आणि ज्या मातीत लढाई झाली तिथल्या भाषांकडे पाहिले तर आपली उणीव जास्तच टोचते. अब्दालीच्या फौजेने पानिपतातून बायका-मुले धरून नेली. १९४७ मध्ये त्याच पट्ट्यात, दोन्ही बाजूंनी, पुन्हा बायका पळवल्या गेल्या. पंजाबी आणि उर्दूने त्यांच्यावर लिहिताना मान वळवली नाही. अमृता प्रीतम यांच्या ‘पिंजर’मधली पूरो पळवून नेलेली आहे, माहेराने दार लावलेली आहे, आणि अखेरीस कुठे राहायचे हे ती स्वतः ठरवते. राजिंदरसिंह बेदींच्या ‘लाजवंती’त परत आलेल्या बायकोला नवरा घरात घेतो, देवी म्हणतो, आणि तिच्यावर काय गुजरले ते ऐकून घेत नाही. ही कथा वाचताना मला रमाबाईंच्या थेऊरच्या वृंदावनाची आठवण होते. देवी केले की ऐकावे लागत नाही. पानिपतातून नेलेल्या आणि कधीच न परतलेल्या मराठी बायकांपैकी एकीचीही पूरो आपण घडवली नाही. ती कंदाहारच्या वाटेवर कुठल्या भाषेत बोलली, तिला मुले झाली का, त्या मुलांना तिने काय सांगितले, हे विचारायला ऐतिहासिक पुरावा लागत नाही, धीर लागतो.

कवितेचे तर बोलायलाच नको. अल्ताफ हुसेन हाली १८३७ मध्ये पानिपतातच जन्मले. त्यांनी १८८४ मध्ये ‘मुनाजात-ए-बेवा’ लिहिली, एका विधवेची ईश्वराशी केलेली विनवणी, बायकांच्या साध्या बोलीत. तीत तलवार नाही, कोणाचा पराभव नाही; एका बाईचे उरलेले आयुष्य आहे. ज्या गावाचे नाव मराठीत हजारो विधवांशी जोडले गेले, त्या गावाने उर्दूला विधवेची कविता दिली आणि आपण त्या गावावर फटका रचला. ओवीसारखा प्रकार हाताशी असताना हे घडले याचे वाईट वाटते. दूर गेलेल्या भावाची, नवऱ्याची वाट पाहणे ओवीने जितके निगुतीने सांभाळले तितके दुसऱ्या कुठल्या छंदाने नाही. जाणत्या कवीने तिचा हात धरला असता तर पानिपताची कविता वेगळी झाली असती.

आशुतोष गोवारीकरांच्या २०१९ च्या चित्रपटाने पार्वतीबाईंना मध्यभागी आणले हे खरे, पण तिथेही कथा रणाबरोबर आटोपते, आणि बाहेर वाद झाला तो सूरजमल जाटांच्या चित्रणाचा. रणानंतरची कथा हवी तर ती हरियाणात आहे: तिथल्या रोड समाजातले अनेक जण मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणून स्वतःकडे पाहतात. इतिहासकारांत त्याबद्दल एकमत नाही, पण कथाकाराला एकमताची गरज कुठे असते? नाव बदलून, तिथल्या मुलीशी लग्न करून, शेती धरून राहिलेला शिलेदार, आणि साताऱ्याकडे त्याच्या नावाचे कुंकू लावणारी पहिली बायको, ही दोन घरे एका कादंबरीत मावतील.

सगळ्यात मोठा ऐवज तर आयता पडून आहे. भाऊ जिवंत आहेत अशी आवई उठत राहिली आणि अखेर एक माणूस ‘मीच सदाशिवराव’ म्हणत पुढे आला. लोक त्याच्याभोवती जमले, किल्ले त्याच्या हाती गेले, शेवटी धरून पुण्यात आणले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक रचले, आणि नावाप्रमाणेच ते बंडाचे नाटक झाले. पण लोकांनी त्याला का मानले? राजकारणी लोकांना सोय दिसली असेल. बाकीच्यांना, मला वाटते, एक दार उघडे दिसले. भाऊ परत येऊ शकतात तर आपला मुलगाही येऊ शकतो. त्या वेळी कारभार पाहत होते नाना फडणवीस, ज्यांची आई पानिपतातून परतली नव्हती. पार्वतीबाईंची वाट पाहणे साऱ्या पुण्याला माहीत होते. तोतया खोटा ठरवणे राज्याच्या दृष्टीने अटळ होते, आणि तो खोटा ठरला की पंधरा वर्षे उघडी ठेवलेली सगळी दारे एकदम लावून घ्यावी लागणार होती. चौकशीचा तपशील इतिहासकारांनी पुरेसा छापला आहे. पंचांसमोर उभा तो अनोळखी माणूस, निकालाची वाट पाहणारा वाडा, आणि निर्णय देणारा आईविना मुलगा: मराठी कादंबरीकाराने पानिपत इथून सुरू करावे.