औंधचे स्वराज्य आणि शेजारधर्म

१९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षस्थान औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी भूषविले. आणि १९३६ साली संमेलन आमच्या जळगावास माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. साताऱ्याकडील एक लहानसे संस्थान आणि तापीकाठचा आमचा मुलूख यांची ही गाठ योगायोगाची म्हणून सोडून देता आली असती. परंतु पुढे दोनच वर्षांनी त्या संस्थानाने जे धाडस केले, त्याचा विचार करू लागताच फैजपूर वारंवार डोळ्यांपुढे येते. औंधची हकीकत ज्या ग्रंथांत आली आहे त्यांपैकी काही एकत्र वाचून, एका प्रश्नापुरता त्यांचा परामर्श घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ते धाडस वाचकांस ठाऊक असेलच. औंध म्हणजे बहात्तर गावांचे राज्य, आणि ती गावेही सलग नव्हेत. औंध, कुंडल, आटपाडी, गुणदाळ अशी दूरदूर विखुरलेली. १९३८ च्या नोव्हेंबरात राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्याची घटना अमलात आली. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा, महात्मा गांधींचे मार्गदर्शन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा उत्साह यांच्या संगमातून ती निर्माण झाली. गावाने पंच निवडावे, पंचायतींतून तालुक्याचे मंडळ व्हावे आणि तालुक्यांतून मध्यवर्ती सभा भरावी, अशी तिची मांडणी होती. शिखरावरून पायथ्याकडे येणारी सत्ता पायथ्यापासून वर चढविण्याचा तो यत्न होता.

आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. आपल्या घरी लोकसत्ता आणणाऱ्या लहान राज्याने ती शेजाऱ्यांच्या घरी कशी न्यावी? त्याच्यापाशी सैन्य नसते, खजिना नसतो. असते ते केवळ उदाहरण. आणि उदाहरण घालून दिले म्हणजे शेजारी ते गिरवतातच असे नाही, हा संसारातला अनुभव राजकारणातही खोटा ठरत नाही.

अप्पासाहेब पंतांनी १९८९ साली 'ॲन अनयूज्वल राजा' या इंग्रजी ग्रंथात हा प्रयोग सांगितला आहे. पुत्राने पित्यावर लिहिलेला ग्रंथ म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. सूर्यनमस्कारांचा कैवारी, चित्रकार, कीर्तनकार आणि महाभारताच्या संशोधित आवृत्तीस लाखाची देणगी देणारा हा राजा खरोखरच जगावेगळा होता. परंतु ग्रंथाचे नावच त्याची मर्यादा सांगते. राजा असामान्य होता म्हणून स्वराज्य आले, असे म्हटले की शेजारच्या सामान्य राजांस आपोआप सुटका मिळते. 'पंतांची गोष्टच निराळी' एवढे एक वाक्य उच्चारून त्यांना आपला दरबार पूर्ववत चालविता येतो. थोर पुरुषाच्या चरित्राने त्याच्या कार्याची ही अशी हानी होते. चरित्रकाराने ती ओळखावयास हवी.

शेजाऱ्यांशी बोलणे झालेच नाही असे मात्र नव्हे. इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर दक्षिणेतील छोट्या संस्थानांचा संघ करण्याची कल्पना निघाली. १९४६ च्या जुलैत पुण्यास दक्षिणी राजे गांधींना भेटले. प्रजेच्या संमतीवाचून संघ करू नये असा त्यांचा सल्ला पडला. औंध, भोर, फलटण यांसारख्या संस्थानांनी पुढे संघाचा करारही केला. पण तो मूळ धरण्यापूर्वीच ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. आमच्या मते या अपयशाचे खापर केवळ काळावर फोडणे न्याय्य नाही. औंधात पंचायत आधी आणि दरबार मागाहून असा क्रम होता. संघात तो उलटला. राजांनी राजांशी करार केला आणि प्रजेने त्यास मान डोलवावी अशी अपेक्षा धरली. प्रजेचा कल मात्र विलीनीकरणाकडे होता. ज्यास आपले सिंहासन राखावयाचे आहे, त्याच्या तोंडची लोकसत्तेची भाषा लोकांस संशयास्पद वाटली, तर त्यांचे काय चुकले?

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या चिमुकल्या देशाने १९४८ सालीच, म्हणजे औंध विलीन झाले त्याच वर्षी, आपले सैन्य मोडीत काढले. १९८७ साली त्याचे अध्यक्ष ऑस्कर आरियास यांनी यादवीने पोळलेल्या शेजाऱ्यांस एकत्र आणले, आणि पाच देशांच्या अध्यक्षांनी खुल्या निवडणुकांचे वचन लेखी दिले. १९९० साली निकारागुआतील सत्ताधारी पक्ष निवडणूक हरला आणि त्याने सत्ता सोडली. शेजाऱ्यास लोकसत्ता शिकविणाऱ्या कराराची कसोटी हीच, की त्या कराराने सही करणाऱ्यालाही घरी पाठविता आले पाहिजे. संस्थानी संघास ही कसोटी लावून पाहिली म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते. राजांचे स्थान त्यात आधीच सुरक्षित होते.

आता दुसऱ्या बाजूचे ग्रंथ पाहू. खानदेशाने ज्यांस आपले मानले ते साने गुरुजी एके काळी औंधचे विद्यार्थी होते. गरीब मुलांची तेथे सोय होते असे ऐकून ते दापोलीहून तिकडे गेले, आणि तेथील हालअपेष्टांची व अर्धपोटी दिवसांची कथा त्यांनी 'धडपडणारा श्याम'मध्ये सांगितली. अखेर प्लेगामुळे त्यांस ते गाव सोडावे लागले. तो काळ घटनेच्या पुष्कळ आधीचा. त्यामुळे तिच्यावरील टीका म्हणून हे पुस्तक वाचणे गैर होईल. तथापि उदार राजाच्या राज्यातही औदार्य शेवटच्या पोरापर्यंत पोहोचता पोहोचता कसे क्षीण होते, हे त्यातून कळते. हाच विद्यार्थी पुढे अमळनेरचा शिक्षक झाला आणि फैजपूरच्या अधिवेशनासाठी खानदेशातील खेडीपाडी हिंडला. त्याच्यापाशी करार नव्हता, पद नव्हते. होते ते दोन पाय आणि जिव्हाळ्याची वाणी.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. लेखकाचा जन्म औंध संस्थानातील माडगूळचा. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर लोकांस हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि तिच्या उद्घाटनास खुद्द राजेसाहेब येतात. एवढ्या एका प्रसंगात माडगूळकरांनी जे साधले, ते आम्हांस प्रयोगावरील कित्येक पानांहून मोलाचे वाटते. तालीम वाडीने श्रम करून बांधलेली आहे. राजा तेथे दाता म्हणून येत नाही, पाहुणा म्हणून येतो. औंधच्या स्वराज्याचा खरा अर्थ काय असावयास हवा होता, हे या कादंबरीने घटनेचा शब्दही न उच्चारता सांगितले. आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा पोटाला अन्न नसेल तर पंचायत कोणाची, हा प्रश्नही वाचकाच्या मनात ती ठेवून जाते.

शेजारी मुलखाकडे औंधची हवा गेलीच असेल तर ती याच वाटेने गेली. बेचाळिसानंतर सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, त्याच्या प्रमुख ठाण्यांपैकी कुंडल हे औंधच्या हद्दीतले गाव. इंग्रजी मुलखातील कार्यकर्त्यांस तेथे आसरा मिळे. गावोगाव लोकांनी आपली न्यायमंडळे चालविली. त्या चळवळीत हिंसेचेही प्रसंग घडले, आणि गांधींच्या आशीर्वादाने निघालेल्या घटनेचे ते सरळ अपत्य आहे असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. तरीही एवढे खरे, की दरबारी खलित्यांनी जी सीमा ओलांडली नाही, ती शेतकऱ्यांच्या पायांनी ओलांडली.

अप्पासाहेबांस पुढे स्वतंत्र भारताने पूर्व आफ्रिकेत आपले प्रतिनिधी म्हणून पाठविले. तेथे आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी जोडलेला स्नेह गोऱ्या सत्तेस खुपला. औंधात अपुरा राहिलेला शेजारधर्म त्यांनी तेथे पाळला, असे म्हणावेसे वाटते. कारण या वेळी त्यांचे बोलणे राजांशी नव्हते, रयतेशी होते.

औंधवरील ग्रंथसंभारात एक ग्रंथ आम्हांस हवासा वाटतो. बहात्तर गावांतील पंचांनी निकाल कसे दिले, वसुली कशी केली, कोणास पंचायतीच्या ओट्यावर बसू दिले आणि कोणास दिले नाही, हे गावकऱ्यांच्या बाजूने सांगणारा. त्याची गरज केवळ इतिहासाला आहे असे नाही. ज्या यावल तालुक्यात फैजपूर आहे, त्याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे आहेत. १९९६ च्या कायद्याने अशा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांस मोठे अधिकार दिले. धुळे जिल्ह्यात साक्री व शिरपूर तालुक्यांतील अशा गावांसही ते लागू आहेत. तेही वरून दिलेलेच अधिकार. ते दान म्हणून कागदावर राहतील की हक्क म्हणून वापरले जातील, याचा निकाल मुंबईत किंवा दिल्लीत लागावयाचा नाही; तो त्या त्या गावच्या पारावरच लागेल. राजाने दिलेल्या स्वराज्याचे काय होते, हे औंधने दाखविले. लोकांनी घेतलेल्या स्वराज्याचे काय होते, हे दाखविण्याचे काम आमच्याकडे उरले आहे.